लाल कपटे

कात्सुरा गल्लीत चहापत्तीचं दुकान हात्सुएचं आणि त्याच्या बरोब्बर समोर लाकडी खडावांचं दुकान इवाओचं. मधला रस्ता एवढासा, की इकडे चहा भाजायला घेतला की तिकडच्या खडावांना त्याचा वास लागायचा. एरवी दोघांचं उत्तम चालायचं. इवाओकडे पाहुणे आले की चहा हात्सुएकडून जायचा. हात्सुएच्या खडावेचा पट्टा तुटला की इवाओ उभ्या उभ्या नवा ओवून द्यायचा. पण साकुराचा बहर गळून पडला, की दोन्ही दुकानांच्या माडीवरचे पडदे ओढले जायचे ते ऑगस्टातला तानाबाताचा सण उजाडेपर्यंत उघडायचे नाहीत.

पडद्याआड कागदाचं काम चालायचं. सेंदाई शहरातल्या मोठ्या तानाबाताला सगळा देश लोटतो. हिमेमोरी गावातल्या या तानाबाताला फार तर आसपासची खेडी यायची. पण चुरस विचाराल तर इथं काकणभर जास्तच. सणाच्या पहाटे प्रत्येक दुकानानं आपल्या दारात बांबू उभा करायचा, त्याला कागदी फुलांचे पाच मोठे गोळे टांगायचे आणि प्रत्येक गोळ्याखाली माणसाच्या डोक्याला लागतील इतक्या लांब झिरमिळ्या सोडायच्या. रंग कोणता, नक्षी कोणती, हे त्या पहाटेपर्यंत शेजाऱ्याला कळता कामा नये. मग परीक्षक फिरायचे आणि सोनेरी, रुपेरी, कांस्य अशा पाट्या वाटायचे.

सोनेरी पाटी दरवर्षी इवाओ न्यायचा, हात्सुएच्या वाट्याला रुपेरी. एवढ्यावर भागलं असतं तरी तिनं गोड मानून घेतलं असतं. पण इवाओ ती पाटी दुकानाच्या दर्शनी भिंतीवर लावायचा आणि रोज सकाळी फडकं घेऊन पुसायला बाहेर यायचा. ऊन पडलं की तिचा कवडसा रस्ता ओलांडून थेट हात्सुएच्या गल्ल्यावर नाचायचा.

"हात्सुए-सान, डोळ्यांवर येतोय का हो उजेड?" तो मोठ्या काळजीनं विचारायचा.

"छे हो! उलट बरंय, दिव्याचा खर्च वाचतो," असं म्हणत ती आतल्या आत दात खायची.

हात्सुएच्या घरात आणखी एक बाई होती: तिची सासू तोवाबाई. वय नव्वदीच्या पुढं, चाकाची खुर्ची, आणि जीभ अजून हिरव्या मिरचीसारखी. या गल्लीत कागदी फुलांचे गोळे बांधायला सुरुवात केली ती तोवाबाईंनीच. पण मधल्या काही वर्षांत डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, घड्या चुकायला लागल्या, आणि एके दिवशी हात्सुएनं त्यांच्या हातातला कागद अलगद काढून घेतला होता. "आई, तुम्ही नुसत्या बसा हं. चुरगळतोय तो." गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी मोतीबिंदू काढला, तोवाबाईंना सुईचं नेढंसुद्धा दिसायला लागलं, पण कागद परत त्यांच्या हातात द्यायचं हात्सुएच्या डोक्यात काही आलं नाही.

तोवाबाई दिवसाआड म्हाताऱ्यांच्या दिवसघरात जायच्या. सकाळी गाडी यायची, दुपारी आणून सोडायची. जूनमधल्या एका दुपारी त्या परत आल्या त्या ओठांच्या कडेला काहीतरी हिरवं लावूनच.

"आई, हे काय खाल्लंत?"

"झुंदा मोची. तांदळाचे गोळे मऊसूत, आणि हिरव्या सोयाबीनचं सारण असं काय घोटलं होतं! इवाबोनं आणले होते सगळ्यांना."

इवाबो म्हणजे इवाओच. तो चड्डीत होता तेव्हापासूनचं नाव. तोवाबाईंच्या लेखी तो अजून चड्डीतच होता.

"तो कशाला तिथं मोची वाटत फिरतोय?"

"त्याची फुलं करतो ना आम्ही. दिवसघरातले सगळे."

हात्सुएच्या हातातली चहाची चाळणी तशीच राहिली. "आई! तुम्ही शत्रूची फुलं करता?"

"फुलं ती फुलंच. शत्रूची म्हणून त्यांना काटे येत नाहीत."

हात्सुए त्यांच्या खुर्चीसमोर उकिडवी बसली. चिडून उपयोग नव्हता, हे तिला सून म्हणून आली त्या आठवड्यातच कळलं होतं. तिनं आवाजात साखर घातली. "रंग कोणता हो, आई?"

"ते सांगायचं नाही म्हणून तर मोची देतो तो."

"उद्या वांगी भाजते. वरून आलं किसून."

तोवाबाईंनी छताकडं पाहिलं. वांग्यांचा विचार चाललाय हे दिसत होतं. "आणि थंड शेवया?"

"आणि थंड शेवया."

तोवाबाईंनी दारं-खिडक्यांचा कानोसा घेतला, किमोनोच्या बाहीत हात घातला आणि बोटभर कागदाचा कपटा सुनेच्या तळव्यावर ठेवला. लालभडक, एक कोपरा दुमडलेला.

"सोनमासे करतोय," त्या कुजबुजल्या. "पाचही गोळे लाल. झिरमिळ्या लाल. नुसती आग."

त्या संध्याकाळी हात्सुए कितीतरी दिवसांनी गाणं गुणगुणत भांडी घासत होती. समोर आग लागणार असेल तर आपण पाणी व्हायचं. ऑगस्टातल्या उकाड्यात घामाघूम झालेला परीक्षक लाल गोळे बघून आणखी तापणार, वळून इकडं बघणार, आणि त्याला दिसणार निळं, गार, झुळझुळतं पाणी. वर फिकट, खाली गडद होत जाणाऱ्या निळ्या झिरमिळ्या. सोनेरी पाटी तिला भिंतीवर लागलेलीच दिसायला लागली. ती कुठल्या कोनात लावली म्हणजे कवडसा इवाओच्या नेमका नाकावर पडेल, हेही तिनं ठरवून टाकलं.

अडचण एकच होती. गावात कागदाचं दुकान एक, आणि ते चालवणाऱ्या मासुएबाईंच्या पोटात काही राहायचं नाही. निळा कागद मागितला की चहा निवायच्या आत इवाओला कळणार. म्हणून हात्सुएनं ठरवलं, पांढरा घ्यायचा आणि घरी रंगवायचा.

दुकानात गेली तर इवाओ आधीच उभा. त्याच्या काखेत पांढऱ्या कागदाचा गठ्ठा होताच, पण हात्सुए दिसताच त्यानं आवाज चढवला. "मासुए-सान, आणि तो लाल द्या! हो, लालच! आपल्याला लालच आवडतो!"

बघा, लपवायचीही अक्कल नाही, असं मनात म्हणत हात्सुएनं मान लववून नमस्कार केला.

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा तोवाबाई म्हणाल्या, "तू पण थोडा लाल आणायचा होतास."

"मी कशाला?"

"त्याची कातरं करून रद्दीत टाकायची. तो येणार बघ रद्दी हुंगायला. त्याला वाटू दे तू पण लालच करतेयस. म्हणजे निश्चिंत राहील."

हात्सुए सासूकडं बघतच राहिली. इतकी वर्षं एका घरात काढली, पण या बाईचं डोकं या दिशेनंही चालतं हे तिला आजच कळत होतं. ती दुसऱ्या दिवशी जाऊन लाल कागद घेऊन आली आणि मासुएबाईंना मोठ्यानं सांगितलं की यंदा आमचं काही खरं नाही, कागद पुरतच नाहीये लाल.

रद्दी न्यायच्या दिवशी तिनं वर्तमानपत्रांचा गठ्ठा सुतळीनं बांधला आणि मधून लाल कपटे हळूच बाहेर डोकावतील असे ठेवले. मग माडीवर जाऊन पडद्याच्या फटीला डोळा लावला. थोड्या वेळानं इवाओ आला. इकडं तिकडं पाहिलं. गठ्ठ्यापाशी वाकून खडावेचा पट्टा नीट करू लागला. करतोय, करतोय, संपेचना. खडावा विकणाऱ्या माणसाला स्वतःच्या खडावेचा पट्टा नीट करायला एवढा वेळ लागतो का? शेवटी तो उठला आणि हसत हसत निघून गेला.

"गिळला गळ!" हात्सुए धावत खाली आली.

"माशाचं काय, तो गिळणारच," तोवाबाई शेंगदाणा चघळत म्हणाल्या.

मग हात्सुए सहज फिरायला जाते असं दाखवत कोपऱ्यापर्यंत गेली. इवाओचा रद्दीचा गठ्ठाही तिथंच होता, आणि त्यातूनही लाल कपटे बाहेर आलेले होते. पुरावाच मिळाला. सासू खरं बोलत होती. तिच्यावर शंका घेतल्याबद्दल तिनं मनातल्या मनात तिची माफीसुद्धा मागितली.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी फळ्या लावून रंगकाम निघालं. मदतीला चिदोरी होती. चिदोरी दुकानात चहा मोजून द्यायची. अंगानं दणकट, बोलायला फटकळ. दोघींनी न्हाणीघरातला लाकडी टब निळ्या पाण्यानं भरला आणि हातकागदाच्या पट्ट्या एकेक करून बुडवायला घेतल्या. टोक आधी, मग जरा वर, मग आणखी वर. दोरीवर वाळत घातल्या की खालून गडद, वरती फिकट होत जाणारी निळाई सगळ्या न्हाणीघरात लटकायची.

"रंग पक्का करायला काही घालायचं नाही का? मीठबीठ?" चिदोरीनं विचारलं.

"हा कागद आहे गं, अंगात घालायचा युकाता नाही. धुवायचाय कुणाला?"

"नाही, आपलं विचारलं."

"आणि मिठानं चमक जाते," हात्सुएनं ठोकून दिलं. तिला काही माहीत नव्हतं.

तोवाबाई न्हाणीच्या दारात खुर्ची लावून बसल्या होत्या. एकदा त्यांनी ओल्या पट्टीला हात लावला आणि निळं झालेलं बोट डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिल्या. "आई, हात काढा, डाग पडेल," हात्सुए म्हणाली. त्यांनी बोट पदराआड लपवावं तसं बाहीत लपवलं.

रंग पक्का नव्हता तो कागदावर. हाताला मात्र असा बसला की दगडानं घासून जाईना. हात्सुएनं पांढरे हातमोजे चढवले. जुलैच्या उकाड्यात मोजे घालून ती चहा विकू लागली. आणि गंमत अशी की समोर इवाओच्याही हातांत पांढरे मोजे आले.

गल्लीच्या बैठकीत दोघं शेजारी शेजारी बसले. पंखा गरम वारा फेकत होता.

"हात्सुए-सान, थंडी वाजतेय वाटतं?"

"चहाच्या भट्टीनं हात भाजले जरा. तुमचं काय?"

"लाखेनं पुरळ उठलंय."

"अरे अरे. लाल झालेत का हात?" तिनं विचारलं, 'लाल'वर जोर देऊन.

"झालेत ना. तुमचे?"

"माझेही तसेच."

दोघांनी एकमेकांकडं बघून प्रेमळ स्मित केलं. हात्सुएला हसू आवरेना. ती खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेली आणि भिंतीला टेकून पोट धरून हसली. आतून इवाओच्याही खोकल्याचा आवाज येत होता.

सणाची पहाट आली. आभाळ जरा भरलेलं होतं, पण हवामान खात्यानं ऊन सांगितलं होतं. हात्सुएचा भाचा आणि त्याचे मित्र येऊन बांबू उभा करून गेले. पाचही गोळे जुन्या चादरींत गुंडाळलेले. समोर इवाओच्याही चादरी. गल्लीतली माणसं चहाचे पेले घेऊन मधोमध उभी राहिली, कारण या दोन चादरी एकदम उतरतात तो खेळ कुणी चुकवत नसे. चिदोरीनं तोवाबाईंची खुर्ची दारापुढं आणून ठेवली.

"तुम्ही आधी," इवाओ म्हणाला.

"छे, सोनेरीचा मान. तुम्ही आधी."

"एकदमच ओढू."

दोघांनी दोऱ्या ओढल्या. चादरी खाली आल्या.

हात्सुए आधी आपल्याच गोळ्यांकडं बघत होती. मनासारखं उतरलं होतं सगळं. वाऱ्याच्या झुळकीनं झिरमिळ्या हलल्या आणि खरंच पाण्यासारखं वाटलं. मग लोक एवढे गप्प का झाले म्हणून तिनं वळून पाहिलं.

समोर निळं. वर फिकट, खाली गडद. तीच निळाई, तीच झुळझुळ. फरक म्हटला तर इवाओच्या झिरमिळ्यांवर पांढरे बगळे चिकटवले होते आणि तिच्यावर पांढऱ्या लाटा.

"चोर!" दोघं एकदमच ओरडले.

"मी चोर? तुम्ही माझ्या न्हाणीत डोकावलात!"

"तुमच्या न्हाणीत डोकावायला मला वेड लागलंय? तुम्हीच माझ्या रद्दीत हात घातलात!"

"तुमच्या रद्दीत लाल होतं!"

"तुमच्याही रद्दीत लाल होतं! माझं लाल तर तुम्हाला फसवायला टाकलं होतं मी!"

"मीही तुम्हाला फसवायलाच टाकलं होतं!"

इथं दोघंही थांबले. बोलण्यात काहीतरी चुकतंय हे दोघांच्याही ध्यानात आलं. इवाओनं मोजा काढून कपाळावरचा घाम पुसला. हात मनगटापर्यंत निळा. हात्सुएनं तो पाहिला आणि नकळत आपला मोजा काढला. घोळक्यात कुणीतरी फिस्सकन हसलं.

"पण मग तुम्ही लाल करणार हे मला..." इवाओ अडखळला. "मला तर अगदी आतून खबर होती. कपटासुद्धा दाखवला होता. हा एवढासा, लाल."

"एवढासा?" हात्सुएनं बोट पुढं केलं. "एक कोपरा दुमडलेला?"

"हो. दुमडलेला."

दोघांनीही माना सावकाश वळवल्या. चाकाच्या खुर्चीत तोवाबाई मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या आणि वर बघत होत्या. एकदा सुनेच्या गोळ्यांकडं, एकदा समोरच्या गोळ्यांकडं. तोंडावर असं समाधान, जसं काही दोन्ही दुकानं त्यांचीच.

"आई."

"काय गं?"

"तुम्ही मला सांगितलंत इवाओ-सान लाल करतायत."

"सांगितलं."

"आणि मला सांगितलंत हात्सुए-सान लाल करतायत!" इवाओचा आवाज चिरकला. "मी किती मोची खाऊ घातले तुम्हाला!"

"छान होते रे, इवाबो. शेवटचे जरा कडक झाले होते."

"पण का, आई?" हात्सुएला आता रडू येतंय की राग हेच कळेना. "आमचं हसं करायला?"

"तेही थोडं," तोवाबाईंनी कबूल केलं. मग म्हणाल्या, "मोतीबिंदू काढला ना माझा. त्याआधी सगळं चहाच्या पाण्यासारखं दिसायचं. आभाळसुद्धा. किती वर्षं, तेही आठवत नाही. पट्टी सोडली त्या दिवशी खिडकीबाहेर कुणाचातरी निळा शर्ट वाळत होता. मी बघतच बसले. तेव्हा ठरवलं, यंदा तानाबाताला अख्खी गल्ली निळी बघायची. दोन्ही बाजूंनी. मधे आपण."

"मग सांगायचं ना सरळ!"

"सांगून तू केलं असतंस? 'आई, तुम्ही नुसत्या बसा,' म्हणाली असतीस. आणि हा? तू निळं करतेयस कळलं असतं तर यानं मुद्दाम पिवळं केलं असतं. समोर आग आहे म्हटलं की दोघंही पाण्याकडंच धावणार, हे मला ठाऊक होतं."

इवाओ काहीतरी बोलायला गेला, पण ते खरंच होतं. 'तुम्ही नुसत्या बसा' हे शब्द हात्सुएला आपल्याच आवाजात ऐकू आले आणि ते ऐकायला बरे वाटेनात. राग होताच, अगदी भरपूर होता. पण तो नेमका कुणावर काढावा हे काही केल्या ठरेना.

"परीक्षक!" चिदोरी ओरडली. "परीक्षक आले!"

ओनोदेरा-सान परीक्षकांचे प्रमुख. आजच्या दिवसासाठी म्हणून शिवलेलं पांढरंशुभ्र तागाचं जाकीट, छातीवर कागदी गुलाब, मागं दोन सहायक. गल्लीच्या तोंडापासून प्रत्येक बांबूपाशी थांबत, मान हलवत ते येत होते. दोन्ही दुकानांच्या मधे आले आणि थबकले. उजवीकडं निळं, डावीकडं निळं.

"हे... ठरवून केलंत?"

हात्सुएनं इवाओकडं पाहिलं. इवाओनं हात्सुएकडं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत व्हायला बोलावं लागलं नाही.

"ठरवूनच," हात्सुए म्हणाली.

"अगदी महिनोन् महिने," इवाओनं पुस्ती जोडली.

"वा," ओनोदेरा-सान म्हणाले, आणि नीट दिसावं म्हणून झिरमिळ्यांच्या अगदी खाली जाऊन, चेहरा वर करून उभे राहिले.

त्याच वेळी आभाळ फुटलं. चाहूल नाही, थेंब नाही, एकदम बादली उपडी केल्यासारखा पाऊस. गल्लीभर पळापळ झाली. जो तो प्लास्टिकच्या पिशव्या आणि शिड्या शोधू लागला. हात्सुएची शिडी आत, पिशव्या माडीवर. ती धावली, घसरली, सावरली आणि पिशव्या घेऊन बाहेर येईपर्यंत जे व्हायचं ते झालेलं होतं.

निळं गळत होतं. पाचही गोळ्यांतून, सगळ्या झिरमिळ्यांतून, धारा लावून. समोर इवाओकडंही तसंच. आणि मधोमध ओनोदेरा-सान डोळे मिटून उभे होते. नाकाच्या शेंड्यावरून एक निळा थेंब खाली पडायच्या बेतात होता. पांढऱ्या जाकिटाचे दोन्ही खांदे निळे, छातीवरचा गुलाब निळा.

"हा रंग त्यांचा आहे," इवाओनं लगेच बोट दाखवलं. "माझा जरा गडद होता."

"अजिबात नाही! माझा असा उतरतच नाही. मी मीठ घातलंय!" हात्सुए ठणकावून म्हणाली. मागं चिदोरीला ठसका लागला.

ओनोदेरा-सान डोळे न उघडताच म्हणाले, "कुणी रुमाल देईल का?"

त्यांना छत्रीखाली घेऊन आत बसवलं, जाकीट काढून घेतलं, गरम चहा दिला. हात्सुए पुन्हा बाहेर आली तेव्हा तिला आठवलं, सासू पावसातच आहे. ती धावत गेली आणि खुर्चीच्या मुठी धरून ढकलू लागली. खुर्ची हलेना. तोवाबाईंनी ब्रेक घट्ट आवळून धरला होता.

"आई, भिजताय तुम्ही!"

"थांब जरा."

त्यांचे पांढरे केस निळे झाले होते. गालांवरून निळे ओघळ मानेपर्यंत उतरत होते. आणि त्या तोंड वर करून बघत होत्या. हात्सुएनंही वर पाहिलं. पावसानं रंग ओढत नेला होता. कुठं कागद पार पांढरा झाला होता, कुठं निळे लोट दाटून राहिले होते, बगळे विरघळून ढग झाले होते. तिनं किंवा इवाओनं हातानं केलं असतं तर असं कधी जमलं नसतं. पाणी करायचं म्हणून ती महिनाभर राबली होती. आता ते खरंच पाणी झालं होतं.

ती ढकलायचं सोडून सासूशेजारी उभी राहिली. इवाओ छत्री घेऊन आला आणि दोघींवर धरू लागला.

"छत्री बाजूला घे रे," तोवाबाई म्हणाल्या. "दिसत नाही."

मग तोही छत्री मिटून तसाच उभा राहिला.

सोनेरी पाटी त्या वर्षी औषधवाल्या कुमागाई जोडप्याला मिळाली. त्यांनी साधे गुलाबी गोळे केले होते आणि पहिल्या थेंबालाच प्लास्टिक चढवलं होतं. इवाओ आणि हात्सुए यांना काहीच नाही. निकाल ऐकून दोघं प्रथमच एकाच बाजूला उभे राहून भांडले. "गुलाबी! औषधाच्या गोळीसारखे दिसतात!" इवाओ म्हणाला. "त्यात पण जुलाबाच्या," हात्सुए म्हणाली, आणि दोघांना बरं वाटलं.

पाऊस गेला तेव्हा कितीतरी फुलं लोळागोळा झाली होती. अजून दोन दिवस सण बाकी होता. हात्सुएनं दुकानापुढं बाक टाकलं, उरलेला पांढरा कागद आणला आणि गठ्ठा तोवाबाईंच्या मांडीवर ठेवला. तोवाबाईंनी एक कागद उचलला, नखानं घडी दाबली, आणि बघता बघता फूल उमललं. इवाओही आपला कागद घेऊन येऊन बसला. संध्याकाळपर्यंत गल्लीतले लोक येता-जाता थांबत होते. तोवाबाई त्यांना कामाला लावत होत्या आणि कुणाचं फूल वाकडं झालं की तोंडावर सांगत होत्या. केस मात्र त्यांनी कुणाला धुऊ दिले नाहीत.

राहता राहिलं जाकीट. हात्सुएनं ते रात्रभर पाण्यात ठेवलं, साबण लावला, तांदळाच्या धुवणात बुडवलं. कागदावर न टिकलेला रंग तागावर मात्र घर करून बसला होता.

"आता?" इवाओ न्हाणीच्या दारात उभा राहून म्हणाला. "उद्या येतील ते न्यायला."

दोघं त्या डागांकडं बघत राहिले. मग इवाओनं कोपऱ्यातल्या टबाकडं पाहिलं. त्यात अजून थोडा रंग होता.

"नको हं," हात्सुए म्हणाली. आणि लगेच, "तुमच्याकडं मीठ आहे का जास्तीचं?"

सणाच्या शेवटच्या दुपारी ओनोदेरा-सान आले. हात्सुएनं दोन्ही हातांनी, कमरेत वाकून, इस्त्री केलेलं जाकीट पुढं केलं. मागं इवाओ तितकाच वाकलेला. ओनोदेरा-सान यांनी घडी उलगडली. जाकीट पूर्ण निळं होतं. एकसारखं, तळापासून कॉलरपर्यंत, एकही डाग नाही.

हात्सुए जमिनीकडं बघत होती आणि चहाचे किती डबे दिले म्हणजे भरपाई होईल याचा अंदाज घेत होती.

"हे पांढरं होतं," ओनोदेरा-सान म्हणाले.

"होतं," इवाओ म्हणाला. "मळखाऊ नव्हतं."

हात्सुएनं त्याला कोपरानं ढोसलं. ओनोदेरा-सान यांनी जाकीट अंगात घातलं, बाह्या खाली ओढल्या, दुकानातल्या काचेत स्वतःला एकदा पाहिलं, मग जरा तिरकं होऊन पुन्हा पाहिलं. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. चहाचं एक पुडकं घेतलं आणि बाहेर पडले.

दारात तोवाबाई बसल्या होत्या, निळ्या केसांसकट, मांडीवर अर्धवट फूल.

"अहो परीक्षक," त्यांनी हाक मारली. "जरा वळा बघू."

ओनोदेरा-सान वळले. सावकाश, पूर्ण एक गिरकी घेऊन, हात जरासे बाजूला धरून. तोवाबाईंनी डोळे बारीक करून खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं.

"पाठीमागं बसलंय छान," त्या म्हणाल्या. "खांद्यात जरा सैल आहे. जा आता."

आणि ओनोदेरा-सान खांदे ताठ करत, निळ्या झिरमिळ्या हातानं बाजूला सारत गल्लीतून निघून गेले.